शंभरपैकी सत्त्याण्णव खांदा

प्रश्न पहिला: खांदा निखळेल अशी भीती वाटते का?

"अजिबात नाही," रंगारी म्हणाला. खरंच होतं. पूर्वी ऊठसूट निखळणारा खांदा ऑपरेशन करून घट्ट बसवल्याला वर्ष झालं, आणि या वर्षात त्याने हात कानाच्या वर नेलाच नव्हता. भीती बिचारी येणार कुठून?

फॉर्म भरणाऱ्या ताईंनी खूण केली. या दवाखान्यात निकाल पेशंटच्या तोंडून घेतात. हाडाला कोण विचारतो?

प्रश्न दुसरा: केस विंचरताना त्रास?

"नाही." केस त्याने मुळापासून उडवले होते.

प्रश्न तिसरा: सदरा घालताना मदत लागते?

"छे." सदरा बायको चढवायची. ती शेजारीच बसली होती, छताचे पोपडे बघत.

प्रश्न चौथा: डोक्यावरच्या उंचीचं काम करताना?

छतं रंगवण्यावर त्याचं पोट होतं. मुकादमाने बजावलं होतं, डॉक्टरांचा कागद आण आणि सोमवारी परांचीवर चढ. नाहीतर दारं-खिडक्या घास, तीही दुसऱ्याच्या हाताखाली.

"मजेत करतो," तो म्हणाला.

सत्त्याण्णव गुण. डॉक्टर स्वतः बाहेर आले. एवढे त्यांना शाळेतही पडले नसावेत.

"वा. हा खांदा आता परिषदेतल्या माझ्या भाषणात. कपाटावरचा तो खोका काढा बरं, तुमचे जुने एक्स-रे आहेत त्यात."

रंगारी उठायच्या आत बायको उठली. चवड्यांवर उभं राहून तिने खोका काढला, टेबलावर ठेवला, हात झटकले आणि जागेवर येऊन बसली. घरी हे असंच चालायचं.

ताईंनी फॉर्म पुन्हा पुढे ओढला.

"इथे तर लिहिलंय, मदत लागत नाही," ताई म्हणाल्या.

"मागावी लागत नाही," रंगारी म्हणाला. मग बायकोकडे वळला. "अगं, ठेव तो परत वर."

"तुम्हीच ठेवा." तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

त्याने खोका उचलला. छातीपर्यंत आला. हनुवटीपर्यंत आला. कानापाशी हात अडला आणि त्याला परांची दिसली, तिच्याखालची फरशीही दिसली.

खोका टेबलावर परत आला.

"ताई, तो चौथा प्रश्न पुन्हा विचारा."

डॉक्टरांनी घसा खाकरला. "बाकीचे तीन तसेच राहू देत ना?"

"सदऱ्याचाही विचारा," बायको म्हणाली.