लंबूच्या मागे मागे

अंजनाबाईंची स्कूटी मनीषनगरातल्या घरासमोर संक्रांतीपासून धूळ खात उभी होती आणि तिची किल्ली होती त्यांच्या मुलाच्या, प्रशिकच्या, खिशात. अँजिओप्लास्टीनंतर रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी "खुशाल चालवा गाडी" असं त्याच्यादेखत सांगितलं होतं. पण डॉक्टरांपेक्षा पोराला जास्त कळत होतं. आईनं दचकायचं नाही, आईनं घाबरायचं नाही, असा त्यानं धोशा लावला होता. जिनं सगळा जन्म शाळेत पोरं हाकली, त्या बाईला भाजी आणायलाही सुनेच्या, दीक्षाच्या, मागे बसून जावं लागे. अंजनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

आणि हा दचकू नको म्हणणारा पठ्ठ्या स्वतः काय करी? रविवारी जेवण झालं की टीव्हीपुढे बसून भुताचा व्हिडिओ गेम खेळे आणि बोंबले. ओसाड दवाखान्यात पांढऱ्या कोटातला एक उंच माणूस पाय घासत तुम्हाला शोधत फिरतो. त्याला मारता येत नाही, फक्त चुकवायचं आणि पलीकडचं दार गाठायचं. घरात त्याचं नाव लंबू पडलं होतं. प्रशिक दर रविवारी त्याच बोळीत सापडे आणि अशी किंकाळी मारे, की स्वयंपाकघरात दीक्षाच्या हातून झारा पडे.

मे महिन्यातल्या एका रविवारी झारा पडला आणि अंजनाबाईंचा संयमही सुटला.

"भेतं तू, अन् गाडी बंद माही! दे इकडं. या लंबूले मी चुकवलं, तर किल्ली देशीन?"

"आई, भल्याभल्यायले जमत नाही वं ते."

"देशीन का नाही ते सांग."

"कबूल करा ना," दीक्षा दारातून म्हणाली. "मी साक्षीदार."

प्रशिकनं अट घातली. कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर आईला लावायचं, नाडी शंभराच्या वर गेली की खेळ खतम. दोन्ही हात रिमोटला लागणार, म्हणून ते पायाच्या बोटात अडकवलं. मग बोलण्यासाठीचा माइक असलेला हेडफोन आईच्या डोक्यावर चढवला. अंजनाबाई सोफ्यावर मांडी घालून बसल्या.

पहिल्या खेपेला त्या भिंतीलाच धडका देत राहिल्या आणि लंबूनं त्यांना अलगद उचललं. दुसऱ्या खेपेला त्या कपाटात लपल्या, तिथंही त्यानं शोधलं. प्रशिक ओरडला. अंजनाबाई मात्र हसायला लागल्या.

"अरे, याले तं मी ओळखतो! परीक्षेत मीच लंबू होती ना. जे पोट्टं पळते ते सापडते. जे चिठ्ठी रोज त्याच जागी लपवते तेही सापडते. पण ज्या बेंचावरून मी आत्ताच गेली, तिकडं काही मी लगेच वळून पाहत नोती. याच्या पुढं नाही, मागं मागं चालाव लागते."

युक्ती बिनतोड होती. पण लंबू दर वेळी गर्रकन मागे वळे. अंजनाबाई चष्मा वर करून टीव्हीकडे पाहत राहिल्या.

"प्रशिक, हा कोपऱ्यातला कान काहून लाल होऊन राहिला?"

"तो लंबूचा कान हाय. आपला आवाज माइकमधून त्याले ऐकू जाते. पण आपण तं चूपच हावो ना."

अंजनाबाई उठल्या आणि त्यांनी भर उन्हाळ्यात, भर दुपारी कूलर बंद केला. पडद्यावरचा कान पांढरा झाला.

प्रशिकनं कपाळावर हात मारला. त्याचाही काय दोष? मार्चपासून पाऊस येईपर्यंत नागपुरात कूलरच्या घरघरीला कोणी आवाज समजतच नाही. ती थांबली तरच माणूस दचकून उठतो.

खोलीची भट्टी झाली. दीक्षाच्या हनुवटीवरून घाम गळत होता, पण पुसायला कोणी हात हलवेना. अंजनाबाई लंबूच्या पाठीला लागल्या. तो चालला की त्या चालायच्या, तो थांबला की त्या थांबायच्या. दार दिसायला लागलं तेवढ्यात तो वळला. त्याचं फाटकं तोंड अख्ख्या टीव्हीभर पसरलं. प्रशिकनं सोफ्याची उशी तोंडात कोंबली. अंजनाबाई हलल्या नाहीत. परीक्षेत पोराच्या तोंडाशी वाकूनही कॉपी सापडली नाही, की त्याही शेवटी पुढेच जायच्या. लंबू हुंगत राहिला, मग पाय घासत निघून गेला.

दार उघडलं आणि पडदा उन्हानं भरला. दीक्षा टाळ्या पिटत कूलरकडे धावली.

आईची नाडी होती अठ्ठ्याहत्तर. अंजनाबाईंनी पायाचं ऑक्सिमीटर काढून लेकाच्या बोटाला लावलं. एकशे तीस! दीक्षा पोट धरून हसत खालीच बसली. प्रशिकही हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"त्या दिवशी ॲम्बुलन्समध्ये तुहा हात थंडा पडला होता, आई. तवापासून मले लय भेव वाटते वं."

अंजनाबाईंना गलबलून आलं. इतके दिवस त्या ज्याला पोराची दादागिरी समजत होत्या, ती निव्वळ भीती होती. त्यांनी त्याच्या घामट डोक्यावरून हात फिरवला. दुसरा हात पुढे केला.

"भेव वाटते ना? मंग ज्याले भेव वाटते त्यानं मागं बसाव."

प्रशिकनं किल्ली दिली.

उन्हं उतरल्यावर स्कूटी पुसून दोघं निघाले. आई पुढे, लेक मागे. पहिल्याच वळणावर त्यानं आईचा खांदा घट्ट धरला, लहानपणी शाळेत जाताना धरायचा तसा. "हळू वं आई, हळू!" तो म्हणत होता. पुढचा रस्ता पार रिकामा होता, तरी अंजनाबाईंनी एक लांबलचक हॉर्न वाजवला.