कांड्या मोजणारी सून

खुटबावच्या पोपटरावांची सून तेजश्री घरात बसून नोकरी करते, हे गावाच्या अजून पचनी पडलं नव्हतं. रांजणगावच्या एका कंपनीत चाळीस मशिनं होती. त्यांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं कोठार ती ओसरीवरून सांभाळायची. साहेबांनी मात्र बजावलं होतं, "एक जरी घोटाळा झाला, तर दुसऱ्या दिवसापासून रोज कंपनीत येऊन बसायचं." रोज म्हणजे जाऊन-येऊन तीन-चार तास स्कूटीवर.

आणि आज घोटाळा झालाच. सकाळी तिनं कोठारातली एकोणीसशे पॅकेजं नव्या डिस्कवर हलवली, जुनी डिस्क पुसूनही टाकली. मग बघते तर प्रत्येक फाईलवर आजचीच तारीख! कॉपी करताना जुन्या तारखा राखायचं राहून गेलं होतं. मशिनं रोज तीन वाजता कोठारात डोकावत आणि तारीख नवी दिसेल ते पॅकेज ओढून घेत. आता चाळीसच्या चाळीस मशिनं सगळंच ओढणार, नेट तुंबणार आणि दुसरी पाळी हात बांधून बसणार. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालेली.

"तोंड का उतरलंय गं?" पोपटरावांनी बाजेवरून विचारलं.

तिनं सांगितलं, तसे पोपटराव उठूनच बसले. तारखांच्या कामात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. साखर कारखाना लागणीच्या तारखेनं ऊस तोडतो, आणि पोपटरावांचा ऊस कागदावर नेहमी शेजाऱ्याच्या आधी लागलेला असायचा.

"मंग टाक की मागची तारीख! त्यात काय एवढं?"

"आबा, अंदाजे न्हाई चालत. ज्याची त्याची खरीच पाहिजे. आन् खऱ्या तर मीच पुसल्या."

"वरच्या पुसल्या असतील. गेल्या साली म्या जुलैची लागण जूनची दावली, तर उसाच्या नोंदी घेणारा कारखान्याचा तो चिटबॉय नवनाथ कागदाकडं बघंचना. सरळ फडात शिरला आन् उसाच्या कांड्या मोजाय लागला! कांड्यांवरनं उसाचं वय कळतंया न्हवं. म्हनला, आबा, कागद तुमचा, कांड्या माझ्या."

"आन् गावभर हसं झालं, त्ये बी सांगा की!" आतून सासूबाई, पुतळाबाई म्हणाल्या.

तेजश्रीचा हात थबकला. कांड्या! पॅकेज कुठंही हलवा, ते कधी तयार झालं ती तारीख त्याच्या पोटात तशीच असते. तिनं भराभर चार ओळी लिहिल्या: एकेक पॅकेज उघड, आतली तारीख वाच, तीच वर टाक.

तीनला पाच कमी असताना एकोणीसशेवं पॅकेज मार्गी लागलं. तीन वाजता मशिनांनी डोकावलं, काल तयार झालेली तीन पॅकेजं उचलली आणि गपगुमान कामाला लागली. साहेबांचा नेहमीचा अंगठा मोबाईलवर उमटला.

"शेवटी मागचीच तारीख टाकली न्हवं?" पोपटरावांनी मिशी चाचपली.

"खरी टाकली, आबा. बरं, आपल्या यंदाच्या उसाची लागण कागदावर कवाची हाय?"

"जूनची."

"मग जाऊ का फडात, कांड्या मोजायला?"

पोपटराव चपला शोधू लागले. "मोटर चालू करून येतो जरा."

"कशी करताय?" पुतळाबाई दारात येऊन म्हणाल्या. "शेतीची लाईट या आठवड्यात रातची हाय!"