पट्टीवरच्या दोन रेघा

राणी माझी धाकटी जाऊ. दिवाळीच्या आधी परभणीच्या दवाखान्यात तिची गर्भाची पिशवी साफ केली. आत लेकरू नव्हतंच, नुसते द्राक्षासारखे फुगलेले दाणे. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "गर्भाचं हार्मोन कसं तयार करायचं ते सगळ्याच माणसांच्या जनुकात लिहिलेलं असतं. एरवी ते गप्प असतं. या दाण्यांत मोकाट सुटलंय. एखादा दाणा मागं राहिला तर कॅन्सर होऊ शकतो. दर आठवड्याला लघवी गरोदरपणाच्या पट्टीवर तपासा. दोन रेघांची एक झाली पाहिजे. पुन्हा दोन दिसल्या तर लगेच या."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. आमच्या सासूबाई धुरपताबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांनी त्यातलं किती ऐकलं, मला काय ठाव! रविकांत, राणीचा नवरा, त्याच हप्त्यात ऊसतोडीला गेला.

रेघ एक झाली होती. परवा न्हाणीच्या खिडकीत आत्याबाईला पट्टी घावली. तिच्यावर दोन रेघा! झालं. बाई ताडकळसच्या बाजारातून पेढे घेऊन आल्या, आन् आज सकाळी आळीतल्या बायका बोलावून राणीची ओटी भरायला बसल्या.

माझं टकुरंच सणकलं. मी म्हणलं, "आवं आत्याबाई, हे लेकरू न्हाई, दुखणं हाय! रविकांत कवाचा गेलाय, दिवस जातीलच कसे?"

"जुळं असंल गं! एक काढलं, एक आत ऱ्हायलं. तुझ्या का पोटात दुखायलंय? आता मी न्हाई पाठवायची तिला तिथं. मागच्या बारीला पोट रिकामं करून धाडलं!"

बायका खाली बघायला लागल्या. मला रडू आलं, रागाचंच. पोरीचा जीव जायलाय आन् इथं पेढे!

तेवढ्यात राणीला खोकला लागला. पदर तोंडावरून काढला तर लाल.

"अक्का, भांडू नका," ती म्हणली. "काल बाजाराचं निमित्त करून मीच दवाखान्यात जाऊन आले. मशीनवर बघितलं. पिशवी रिकामी हाय. दुखणं छातीत गेलंय. आज भरती व्हायचंय."

"आन् मग ओटी कशाला भरून घेतलीस गं, येडे?"

"एकदा तरी भरून घ्यावी वाटली. पुन्हा कवा भरंल?"

मी ओटी सोडायला गेले, तर आत्याबाईनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. भरली ओटी सोडू नाई," एवढंच बोलल्या, आन् चपला घालून आमच्या आधी निघाल्या.

एस्टी खच्चून भरलेली. कंडक्टरनं राणीची ओटी बघितली आन् एका बाप्याला उठवलं, "उठा मामा, बाई दोन जिवाची हाय."

राणी बसली. आत्याबाई कंडक्टरशी भांडल्याबिगर कवा गाडीत बसल्या न्हाईत. आज दांड्याला धरून उभ्या ऱ्हायल्या, आन् गचक्यानं पडू नाई म्हणून राणीच्या ओटीतला नारळ परभणीपस्तोर हातानं दाबून धरला.