उन्हाकडची बाजू

काम मिळू नये म्हणून थोरल्याने आयुष्यातला सगळ्यात चांगला गिलावा केला.

इमारत तीन मजली होती. खाली दुकानं, वर ऑफिसं, दोन बाजूंना रस्ता. मालकाची पद्धत ठरलेली. दर मागवायचे, आणि दर देणाऱ्या प्रत्येकाने त्याच भिंतीवर दरवाजाएवढा नमुना करून दाखवायचा. मग हात मागे बांधून मालक सगळ्या नमुन्यांपुढून फिरायचा, त्यातला सगळ्यात देखणा निवडायचा, आणि काम द्यायचा सगळ्यात स्वस्त माणसाला. अट एकच, त्या देखण्या नमुन्याशी जुळलं पाहिजे. मागे गोदामाच्या वेळी त्याने थोरल्याचा नमुना असाच दुसऱ्याच्या गळ्यात बांधला होता. तेव्हा थोरल्याने घरी येऊन जेवण होईपर्यंत शिव्या घातल्या होत्या. या वेळी त्याला मालकाची तीच खोड कामाला लावायची होती.

कारण दर देणाऱ्यांत धाकटा होता.

धाकट्याला थापी धरायला थोरल्यानेच शिकवलं होतं. त्याच्या बायकोने तर या दिराला मिसरूड फुटायच्या आधीपासून जेवायला वाढलं होतं. तो वेगळा झाला त्याचंही थोरल्याला फारसं वाटलं नसतं. पण जाताना त्याने हाताखालचे दोन चांगले गवंडी नेले आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला, दादाचा हात गेला आता, लहानसहान कामाला ठीक आहे. सिमेंटने खाल्लेली थोरल्याची बोटं सकाळी मिटायची नाहीत हे खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते जास्त झोंबलं. तेव्हापासून भाऊ समोर आला की थोरला रस्ता बदलायचा.

नमुन्यासाठी त्याने जागा हेरून घेतली. सावलीकडची बाजू, तळमजला, वर सज्ज्याचा आडोसा. ना खिडकी, ना कोपरा, ना पट्टी. बायकोने वाळू दोनदा धुतली, दोनदा चाळली. गिलाव्याचा पहिला हात देऊन त्याने तो पुरता बसू दिला, ओरखडे ओढले, दुसरा दिला, पुन्हा थांबला, आणि शेवटी पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांची कागदासारखी पातळ साय चढवून ती ओली असतानाच घासत राहिला. संध्याकाळी बोटं सुजली. भिंत मात्र अंड्याच्या कवचासारखी दिसत होती. जाणारे-येणारे बोट लावून बघत.

दर मांडण्याचं काम बायकोचं. ती हिशोबाला बसली आणि जरा वेळाने पेन्सिल खाली ठेवून म्हणाली की भिंत मोजायला कुणालाही येतं, पण पैसे भिंतीत जात नाहीत. ते खिडक्यांच्या कडांत जातात. दोन हातांच्या मध्ये परांची नुसतीच उभी राहते त्यात जातात. खाली दुकानं उघडी म्हणून जे काम थांबवावं लागतं त्यात जातात. आणि ही साय तर सगळा वेळच खाणार.

"नेहमीच्या दरात हे होत नाही," ती म्हणाली. "दुप्पट धरला तरी नाही."

"आपल्याला कुठे करायचंय?"

"मग कुणाला करायला लावायचंय?"

थोरल्याने कागद तिच्यापुढे सरकवला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग पेन्सिल उचलली आणि त्याने सांगितला तो आकडा लिहिला. काम हातून जाईल इतका तो चढा होता, पण फार चढाही नव्हता. फार चढा असता तर मालकाला वास लागला असता. थोरल्याने खाली सही ठोकली आणि सगळ्यांप्रमाणे अनामत भरून आला.

सगळं ठरल्यासारखं झालं. मालकाने थोरल्याच्या नमुन्यापुढे उभं राहून डोळे मिटल्यासारखे केले आणि काम धाकट्याला दिलं. धाकट्याने नवी लोखंडी परांची विकत घेतली होती. भररस्त्यावरचं काम, सगळं गाव बघणार, एवढं नीट झालं की पुढची चार कामं घरी चालून येतील, असं तो ज्याला-त्याला सांगत होता. थोरल्याचा नाकारलेला दराचा कागद मालकाने परत दिला नाही, अनामतही नाही. दुसरा नंबर म्हणून राहू द्या, म्हणाला. थोरला हसून हो म्हणाला. त्याचं लक्षच तिकडे नव्हतं.

सावलीकडची बाजू धाकट्याने कशीबशी जुळवली. अंदाजाच्या दीडपट माल खाल्ला तिने, पण जुळली. उन्हाकडच्या बाजूला हात घालण्याआधी मात्र तो थोरल्याच्या घरी आला. इतक्या वर्षांनी तो उंबऱ्याशी उभा होता, केसांत सिमेंट, आणि आधी वहिनीशीच बोलला. बारीक झालीस, म्हणाला. तीही म्हणाली की तूच कुठे मोठा पैलवान राहिलायस, बस. तिने त्याला पाणी दिलं. मग त्याने थोरल्याला सरळ विचारलं, सायीत काय काय घातलंस.

थोरल्याने सगळं सांगितलं. वाळू कुठली, भुकटी किती, पाणी किती, दोन हातांत किती थांबायचं, यातलं काहीही लपवलं नाही, कारण खऱ्या कृतीतच खरा खर्च होता. धाकटा मान हलवत ऐकत होता, लहानपणी ऐकायचा तसा. उठताना तो थबकला.

"दादा, उन्हाच्या बाजूला बसेल ना हे?"

पातळ साय उन्हात घासण्याआधीच सुकते. पाणी वर उडून जातं, उरलेलं खालचा थर ओढून घेतो, आणि साय आक्रसून जाळीसारखी तडकते. थोरल्याला हे माहीत होतं. बायकोलाही माहीत होतं, ती चुलीकडे तोंड करून उभी होती.

"बसेल की," थोरला म्हणाला. "न बसायला काय झालं?"

साय बसली नाही. चार दिवसांत उन्हाकडची अख्खी भिंत सुकलेल्या चिखलासारखी बारीक भेगांनी भरली. धाकट्याने तुकडे काढून पुन्हा केलं, ते नवे तुकडे ठिगळासारखे वेगळे दिसू लागले. गवंडी वैतागले. मग मालकाने निवाड्याला माणूस बोलावला, आणि नमुना ज्याचा, त्याच्याहून चांगला माणूस कोण?

थोरला धुतलेला सदरा घालून गेला. भिंतीपाशी मालक, त्याचा कारकून, धाकट्याचे गवंडी आणि दोन दुकानदार उभे होते. धाकटा परांचीच्या खांबाला धरून होता. थोरल्याने भिंतीवरून बोटं फिरवली, मुद्दाम सावकाश. आपल्याला सोडून धाकट्याकडे गेलेल्या त्या दोन गवंड्यांकडे त्याने एकदा बघून घेतलं.

"जुळत नाही," तो म्हणाला.

मालकाने मान डोलावली. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला की आपल्याला कुणावर अन्याय करायचा नाही. मुळात ही साय उन्हात बसणारीच नसेल तर पोराचा काय दोष, मग आपण नमुनाच बदलू, साधा गिलावा घेऊ, झालेल्या कामाचे पैसेही देऊ. तुम्ही जाणते आहात, तुम्हीच सांगा.

धाकट्याने वर बघितलं. त्याचे ओठ किंचित उघडे राहिले होते. थोरल्याने एक शब्द टाकला असता तर तो वाचला असता. बसत नाही, एवढाच. आणि तो खरा शब्द होता.

"बसते," थोरला म्हणाला. "करणाऱ्याचा हात पाहिजे."

एक गवंडी जमिनीकडे बघू लागला. मालकाने सुस्कारा टाकला, कारकुनाकडे हात केला आणि कारकुनाने फाईल पुढे दिली. धाकट्याने ही बाजू पुरती खरवडून द्यावी, त्याची अनामत आणि उरलेलं बिल दोन्ही जप्त, असं ठरलं. धाकटा खांब सोडून खाली बसला. थोरल्याच्या छातीत इतक्या वर्षांनी मोकळं मोकळं वाटलं, आणि ते वाटत असतानाच मालक फाईलमधून दुसरा कागद काढत होता.

"मग आता तुम्हीच करा. दर तुमच्या कागदावर आहेच, सहीसकट."

थोरल्याला वाटलं मालक चेष्टा करतोय. पण त्याने बघितलं तर बायकोच्या अक्षरातला तो आकडा होता, जो कधी खरा व्हायचाच नव्हता. तो पुटपुटला की तेव्हाचे भाव वेगळे होते. मालक म्हणाला, अनामत माझ्याकडे आहे, आणि उन्हात बसते हे चार लोकांसमोर आत्ताच बोललात. नसेल जमत तर तसं सांगा, म्हणजे मीही लोकांना तसं सांगेन. रस्त्यावरच्या दोन्ही दुकानदारांची पुढच्या वर्षी कामं निघणार होती. ते कान देऊन ऐकत होते.

"परांची माझी आहे," खाली बसलेला धाकटा म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "उभी राहू दे. भाडं लागेल."

थोरला चढला. माणसं मिळाली ती नवखी. त्याने पहाटेची वेळ साधून बघितली, वर गोणपाटं बांधून बघितली, पण ऊन गोणपाटामागून यायचं आणि वारा त्याच्याही आधी. साय लावली की ती सुकायच्या आत घासायची, थांबायचं नाही, उतरायचं नाही. बोटं थापीवर मिटत नव्हती म्हणून त्याने ती दोरीने बांधून घेतली. पैसे पहिल्या मजल्यालाच संपत आले होते.

धाकटा भाडं घ्यायला रोज यायचा आणि सावलीकडच्या बाजूला, थोरल्याच्या त्या नमुन्याला पाठ टेकून बसायचा. तिथून उन्हाकडच्या परांचीचं कोपऱ्याबाहेर आलेलं टोक तेवढं दिसायचं. अधूनमधून तो हाक मारायचा.

"दादा, बसतंय का?"

एका दुपारी बायको डबा घेऊन आली. ती परांचीखाली उभी राहिली, वर बघितलं, मग वळून कोपऱ्यापलीकडे गेली आणि धाकट्याच्या शेजारी बसून त्याच्यापुढे डबा उघडला. परांचीच्या त्या टोकावरून थोरल्याला ते दिसलं. त्याला ओरडायचं होतं, खाली उतरायचं होतं, पण समोर हातभर ओली साय होती आणि तिच्या कडेला पहिली बारीक भेग धरू लागली होती. तो घासत राहिला.