वास सांगायला कोणीतरी

मित्रांनो, पत्र्याच्या शेडमध्ये खाकी कापड पांघरून उभी असलेली जुनी निळी गाडी म्हणजे मीच. तुम्ही म्हणाल, गाडीला कसलं आलंय आत्मवृत्त? पण जिच्याशी दिवसभर कोणी बोलत नाही, तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ साठलेलं असतं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग असा होता की जाणारे-येणारे माझ्या काचेत बघून भांग पाडत. मला घरी आणलं ते एका चष्म्याच्या दुकानदाराने. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, म्हणून मीही म्हणते. शेजारी त्यांची बायको बसायची आणि मागे मुलगी, दोन्ही पाय सीटवर घेऊन. बाईंचा स्वभाव भित्रा. पेट्रोलचा काटा जरा खाली आला की त्यांचा जीव खाली-वर व्हायचा. "काठोकाठ भरा हो," असं त्या पंपावर म्हणायच्या. नळी आपोआप थांबली तरी चष्मेवाले आणखी थोडं घालायला लावत, मगच बाईंच्या चेहऱ्यावर हसू यायचं.

पुढे मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. बाई आजारी पडल्या आणि दवाखान्यातून परत आल्याच नाहीत. चष्मेवाल्यांनी दुकान विकलं. एकट्या माणसाला कुठे जायचं असतं? तरी ते रोज मला बाहेर काढत, बाजाराला एक चक्कर मारत आणि पंपावर गेले की टाकी गळ्यापर्यंत भरत. सांगणारी गेली होती, पण तिचा शब्द त्यांनी मोडला नाही.

त्याच सुमारास माझ्या आत वास धरू लागला. पेट्रोलचा, गॅस सुटल्यासारखा. मला तो कळत होता, पण गाडीला हॉर्न असतो, वाचा नसते. चष्मेवाले काचा लावून त्या वासातच बसत. दारात पोचूनही कधीकधी उतरत नसत, कारण घरात तरी कोण होतं? मग डोकं दुखतं म्हणून कपाळ दाबत बसत. मला त्यांची फार काळजी वाटायची.

सुट्टीत मुलगी नातीला घेऊन आली. स्टेशनवरून घरी येईपर्यंत नातीला मळमळू लागलं. गाडीत गॅससारखा वास येतोय, असं मुलगी म्हणाली. कसला वास, म्हणत चष्मेवाल्यांनी माझ्या आरशाला सुगंधी डबी टांगली. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. पुढच्या सुट्टीत मुलगी रिक्षाने आली आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत आलीच नाही. वास हे नुसतं निमित्त आहे, लेकीला यायचंच नाही, असं चष्मेवाल्यांनी ठरवून टाकलं. "नाचता येईना, अंगण वाकडं," ते माझ्या स्टिअरिंगकडे बघत पुटपुटले.

तरी एक दिवस ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या मेकॅनिकबाई बोलायला तिखट होत्या. त्यांनी बॉनेट उघडलं, पाइप चाचपले, टाकीखाली टॉर्च मारला. गळती सापडेना. टाकी अर्धी रिकामी होती, त्यामुळे वासही नेमका दडी मारून बसला होता. मग त्यांनी विचारलं, वास कधी येतो? एसी लावल्यावर, उन्हात उभी राहिल्यावर, की पंपावरून निघाल्यावर?

"मला वास येतच नाही," ते खाली बघत म्हणाले. "मोठा ताप आला होता, तेव्हापासून नाक गेलंय."

"घरी सांगितलंत का कोणाला?"

"नाही."

लेकीच्या जिवाला घोर नको, म्हणून जन्मभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या नाकाची गोष्ट झाकून ठेवली होती. ज्याला वास येतो असं कोणीतरी शेजारी बसवून गाडी फिरवा आणि मग या, असं मेकॅनिकबाईंनी बजावलं.

चष्मेवाल्यांनी माझ्यात बसूनच फोन लावला. "तू येशील का?" ते म्हणाले. "मला वास येत नाही गं." दुसऱ्या दिवशी लेक हजर झाली.

ती आईच्या जागेवर बसली. काचा लावल्या, एसी लावला, तरी वास नाही. पंपावर नळी थांबली आणि चष्मेवाले सवयीने म्हणाले, आणखी थोडं, काठोकाठ होऊ द्या. तिथून निघून जरा पुढे जातो न जातो तोच लेकीने नाकाला रुमाल लावला. मेकॅनिकबाईंना एवढं कळणं पुरेसं होतं. टाकीतली वाफ शोषून घ्यायला माझ्यात कोळशाचा एक डबा असतो. वरून ओतलेलं पेट्रोल त्यात शिरून तो निकामी झाला होता, आणि वाफ आत येत होती. बाईंनी डबा बदलला आणि टाकी काठोकाठ न भरण्याची ताकीद दिली.

"तुझ्या आईला बरं वाटायचं," चष्मेवाले लेकीला म्हणाले.

तिने नुसता त्यांचा हात धरला. घर जवळ आल्यावर तिने हळूच विचारलं, "बाबा, स्वयंपाकघरातला गॅस सुटला तर तुम्हाला कसं कळणार?"

थोड्याच दिवसांत लेकीकडे राहायला जायचं म्हणून त्यांचं सामान बांधलं गेलं. लेकीच्या इमारतीत गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून मी मागे राहिले. निघताना त्यांनी माझ्या टपावरून हात फिरवला आणि स्वतःच माझ्यावर कापड घातलं.

आता माझ्यात वासाचा लवलेश नाही, पण हे सांगायला आत कोणी बसत नाही. मला एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी मित्रांनो, ज्या दिवशी त्यांनी तो फोन लावला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. गाडीला वास आला तर डब्या टांगू नका, तपासून घ्या. आणि तुमच्या घरातलं एकटं राहणारं माणूस 'मला काही झालं नाही' म्हणालं, तर फोनवर विश्वास ठेवू नका. जा आणि त्याच्या शेजारी बसा.