बेचाळीस दिवसांची रहिवासी

सिएरा पर्वताच्या हिमशुभ्र खांद्यावरून ऊन घरंगळत खाली आलं, की अमेरिकेतलं रीनो जागं व्हायचं. केशरी विटांचं, रुपेरी झुडपांचं, वाळवंटाच्या कडेला ऐसपैस मांडी घालून बसलेलं, मिश्कील डोळ्यांचं शहर. शेजारच्या डोंगरातली चांदी आटली, तेव्हा या बेरकी गावाने मोकळेपणाची खाण काढली. इथे नेवाडा राज्यात बेचाळीस दिवस राहा, कायम इथेच राहणार अशी शपथ घ्या, आणि घटस्फोट घेऊन नवऱ्यापासून मोकळ्या व्हा!

मग काय, आगगाड्या भरभरून आल्या. फरकोटवाल्या आल्या, विरलेल्या हातमोज्यांच्या आल्या, रडून सुजलेल्या आल्या. प्रत्येकीने शपथ घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने जी ती आपल्या गावी गेली. न्यायाधीश गंभीर, शहर गालातल्या गालात हसणारं.

हॅटी प्रूइटच्या बोर्डिंगमधून अशा एकशे अकरा जणी पार झाल्या होत्या. रोज नाश्त्याला तोंडं मोजायची आणि शेवटी कोर्टात साक्ष द्यायची, "होय साहेब, एकही दिवस हलली नाही," हे तिचं व्रत.

एकोणीसशे अडतीसच्या वसंतात एकशे बारावी आली. बोस्टनची एलनोरा. पहिल्या आठवड्यात नुसती सावली. दुसऱ्यात तिने टोपी काढली, तिसऱ्यात बूट. पाचव्यात घोड्यावर बसून सुगंधी टेकड्यांमध्ये गेली आणि गात परतली. बेसूर, बेभान, बेफिकीर. नवऱ्याच्या घरी तिला शिंकायचीही चोरी होती. आता बोस्टनला आई वाट पाहत होती: जाड पडदे, दबके आवाज, उरलेलं आयुष्य.

शपथेचा दिवस उजाडला. न्यायाधीशांनी कागदावरून नजरही न उचलता विचारलं, "नेवाडात कायम राहणार?"

"राहणार!" इतकं ठणठणीत, की पेंगणारा कारकून दचकला.

घरी आल्यावर हॅटी शिदोरी बांधायला बसली. "आवर गं बाई, गाडी सुटेल."

"सुटू दे. शपथ घेतलीय ना मी?"

हॅटीने कमरेवर हात ठेवले. "अगं वेडे, ती काय सगळ्याच घेतात! एकशे अकरा जणी खोटं बोलून सुटल्या, आणि तू खरं बोलून अडकलीस?"

"अडकले," म्हणत एलनोराने शिदोरीतलं सँडविच काढून तिथेच खायला घेतलं. "मोहरी जास्त झालीय हं."

"मग उद्यापासून तूच कर!" हॅटी गरजली, आणि एप्रनने डोळे पुसत हसत सुटली.

खिडकीखालून ट्रकी नदी निघाली होती. हिमजन्मा, हिरवी, खळाळती. बाकीच्या नद्या समुद्राच्या घरी जातात. ही जात नाही. वाळवंटातच एक निळं सरोवर गाठते, आणि तिथे, उघड्या आभाळाखाली, उन्हात अंग पसरून, राहते.