तीनशे साठ वेढे

शालनने तार गुंडाळायच्या वाइंडिंग मशीनचा दांडा फिरवायला घेतला, तेवढ्यात संचिता कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, काकांना आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"एक, दोन, तीन," शालन म्हणाली.

विठ्ठलवाडीच्या त्या दोन खोल्यांच्या कारखान्यात एक नियम होता, वेढे मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. आकडा चुकला की अख्खी कॉइल उलगडा. ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरचा असो की चार्जरचा, बावीस वर्षांत शालनची एकही कॉइल परत आली नव्हती, आणि याचा तिला बऱ्यापैकी तोरा होता. आजचा होता आयसोलेशनचा, दवाखान्यातल्या यंत्रासाठी. त्यात दोन कॉइल, दोन्हींना सारखेच वेढे, तीनशे साठ. एकीची तार दुसरीला कुठेच जोडलेली नसते, तरी एकीतली वीज दुसरीत येते. पेशंटला शॉक बसू नये म्हणून ही सगळी खबरदारी.

संचिताचे वडील, साईनाथ, नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेले होते. आता खडवलीला भावाकडे पडून होते, अर्धं अंग लुळं पडलेलं. भावाला झेपत नव्हतं. घरी आणता की आश्रमात ठेवू, एवढंच त्याने विचारलं होतं. आणि गेले चार दिवस शालन ह्या ना त्या कॉइलमध्ये गुंतलेली होती.

"मी काल जाऊन आलेले. तुझं नाव घेतलं त्यांनी. नीट बोलता येत नाही, पण घेतलं."

"एकशे बारा, एकशे तेरा."

संचिताला संताप आला. लहानपणापासून ती ह्या आकड्यांपुढे गप्प बसत आली होती. बाबा कुठे गेले विचारलं, तेव्हाही आकडाच मिळाला होता. ती आत येऊन मशीनच्या पलीकडे गेली, तर तिथे एक छोटी डबी दिसली. काचेमागे पांढरे आकडे सरकत होते, १९८, १९९. मशीन स्वतःच मोजत होतं. डबीवरची धूळ काल-परवाची नव्हती.

स्टूल ओढून ती तिथेच बसली आणि डबीकडे पाहत राहिली. तीनशेच्या पुढे कधीतरी आईचे ओठ हलायचे थांबले. तीनशे साठ झाले. एकसष्ट. बासष्ट. दांडा फिरतच होता.

"आई, झाले गं."

शालनने दांडा सोडला. डबीकडे पाहिलं, मग लेकीकडे. मग तारेचं टोक धरून ती जास्तीचे वेढे उलगडायला लागली.

"त्यांना गार पाणी सोसत नाही," ती म्हणाली. "काकांना सांग, रविवारी आणा. तोवर गिझर बसवून घेऊ."